दुसरं मत माझं होतं

"मॅडम, माझ्यावर आठ दिवसांची बंदी का घातली?"

स्टाफरूममध्ये ईमेल उघडला तर पहिलीच ओळ ही. लिहिणारी आरती, मोडनिंबची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची. खाली फोन नंबर.

मी सोलापुरात केमिस्ट्री शिकवते. शिवाय विद्यार्थ्यांसाठीच्या एका ऑनलाइन प्रश्नोत्तर मंचाची मॉडरेटर आहे. तोच प्रश्न पुन्हा आला की आम्ही जुन्या उत्तराची लिंक देऊन तो 'डुप्लिकेट' म्हणून बंद करतो. बंद प्रश्नाला कुणालाच उत्तर देता येत नाही. म्हणून त्याला दोन मॉडरेटरांची मतं लागतात.

आरतीचा प्रश्न साळुंखे सरांनी बंद केला होता. सर मंचावरचे सर्वांत ज्येष्ठ मॉडरेटर आणि कॉलेजातले माझे शिक्षक. खाली त्यांची कॉमेंट होती, "आधी वाचा, मग विचारा. इथे शिकवणी चालत नाही." तिनं पुन्हा विचारलं, तर सरांनी थेट बंदी घातली.

दुसरं मत माझं होतं. सरांनी बंद केलंय म्हटल्यावर मी प्रश्न वाचलाही नव्हता. सरांचं काही तपासायचं नसतं, ही आम्हा विद्यार्थ्यांची जुनी खोड.

आता वाचला आणि तळपायाची आग मस्तकाला गेली.

तिचा प्रोजेक्ट गावातल्या बोअरच्या पाण्यावर होता. पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात क्षार किती, हे टायट्रेशननं काढायचं. थेंब थेंब रसायन टाकून रंग बदलेपर्यंत मोजायचं. जुन्या उत्तराची लिंक तिनं स्वतःच दिली होती. खाली लिहिलं होतं, "या उत्तरात पाणी पन्नास मिली घेतलंय आणि गुणलंय शंभर मिलीच्या हिशोबानं. मग आकडा निम्मा येणार ना?"

येणारच. उत्तर साफ चुकलं होतं. आणि ते सरांचंच होतं.

मी फोन लावला. "सर, प्रश्न तुमच्या उत्तरातल्या चुकीबद्दल होता. वाचला होता का?"

"अगं, तिची भाषा बघितलीस? नमस्कार नाही, कृपया नाही."

"प्रश्नात नमस्कार लिहू नये, हा आपलाच नियम आहे. तुम्हीच केलेला."

"आता तू मला नियम शिकवणार?"

"हो, सर." त्यांनी फोन ठेवला.

मी बंदी उठवली, प्रश्न उघडला आणि आरतीला फोन केला.

"मॅडम, प्रोजेक्ट सकाळीच दिला की. सरांच्या हिशोबानं निम्मा आकडा घालून."

"अगं, तुझा आकडा बरोबर होता!"

"मी दोनदा करून बघितलं हुतं. पण बंदी आली, मग वाटलं, एवढी मोठी मान्सं म्हनत्यात तर माजंच चुकलं आसंल. खोडून टाकलं."

मला स्वतःची चीड आली. प्रश्न न वाचता बंद केल्याची कबुली मी तिच्या गाइडना लेखी दिली. त्यांनी ते पान बदलू दिलं. सरांनी आपलं उत्तर गुपचूप दुरुस्त केलं. चूक आरतीनं दाखवली, असं मी खाली लिहिलं. त्यांनी ते काढलं. मी पुन्हा लिहिलं. आता मंचावर नवा नियम आहे, स्वतःच्या उत्तराची लिंक देऊन कुणालाही प्रश्न बंद करता येत नाही.

त्यानंतर आरतीनं मंचावर एकही प्रश्न विचारलेला नाही. उद्धट कोण, हे नमस्कारावरून ठरत नाही. समोरच्याचं न वाचताच त्याला गप्प करणारा उद्धट. त्यात मीही आले.