सूरवाल्यांचं बर्लिन

पियानो वाजवणारे शहरात पुष्कळ होते, पण उतरलेला पियानो सुरात आणणारा माणूस एकच. त्यांना सगळे 'सूरवाले' म्हणत. पंचावन्न वर्षांचे, अंगाने सडसडीत, खांद्याला हत्यारांची चामडी पिशवी आणि हातात पांढरी काठी. पंधराव्या वर्षी दुखण्यात दोन्ही डोळे गेले तेव्हा घरात रडारड झाली. अंधशाळेतल्या मास्तरांनी मात्र त्यांना एका जुन्या पियानोपुढे बसवलं आणि म्हटलं, "रडून झालं असेल तर सांग, ही तार चढलीय की उतरलीय?" पोराने अचूक सांगितलं. पोटापाण्याचा प्रश्न त्या दिवशीच सुटला.

लग्नही या धंद्यातच जमलं. एका हॉटेलच्या दालनात ते पियानो लावत होते आणि पलीकडे एक मुलगी भिंतीत खिळे ठोकत होती. तिच्या वडिलांचं चित्रांना चौकटी करून द्यायचं दुकान होतं.

"अहो बाई, तुमचा हातोडा जरा आवरा, मला तार ऐकू येईना," सूरवाले वैतागून म्हणाले.

"मग तुम्ही आटपा लवकर. तोवर मी हे चित्र धरून उभी राहते."

"कसलं चित्र आहे?"

"एक माणूस होडीत बसलाय. टोपी त्याच्या डोक्यापेक्षा मोठी आहे. थोरल्या भावाची असणार."

सूरवाले खो खो हसले. तेव्हापासून ती सांगत आली आणि ते ऐकत आले. रस्त्यात कुणाच्या अंगावर काय आहे, समारंभात कोण किती सुटलंय, मुलगी झाली तेव्हा तिचं नाक कुणावर गेलंय, सगळं. तिच्या जिभेवर त्यांचे डोळे होते म्हणा ना.

लग्नाला पंचवीस वर्षं व्हायला आली, तेव्हा कमावत्या लेकीने हट्ट धरला की आईबाबांनी एकदा तरी परदेश बघावा. बायकोचा धाकटा भाऊ प्रवासाची तिकिटं काढून द्यायचं काम करायचा. तो रविवारी दोन कागद घेऊन आला.

"दाजी, जर्मनीतली दोन शहरं आहेत. बर्लिन नाहीतर हॅम्बर्ग. आठ दिवस, एकाच ठिकाणी राहायचं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर जागा गेल्या. मी मेहुणा असलो तरी विमान काही माझ्या बापाचं नाही."

"तुझ्या बापाचं असतं तर ते माझ्याही बापाचं असतं," बायको म्हणाली. "मी कधीच खिडकीपाशी जाऊन बसले असते."

सूरवाल्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "हॅम्बर्ग! एवढं मोठं बंदर आहे. भोंगे, समुद्रपक्षी, वारा. कान तृप्त होतील."

"बर्लिन," बायको म्हणाली. "तिथे नदीतल्या बेटावर पाच संग्रहालयं आहेत. तीस वर्षं छापील चित्रांना चौकटी घातल्या मी. एकदा खरं चित्र बघू दे, हाताने रंगवलेलं."

"आणि मी काय करू तिथे? खांबासारखा उभा राहू?"

"मी सांगेन ना!"

दोन दिवस हेच चाललं. जेवताना बर्लिन, हात धुताना हॅम्बर्ग. लेक फोनवर म्हणाली, "चिठ्ठ्या टाका आणि मोकळे व्हा." पण चिठ्ठी निघाल्यावर ती वाचणार कोण, तर बायकोच, म्हणून सूरवाल्यांनी तो मार्ग फेटाळला. बायकोने खोटं रागावून त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

बुधवारी सकाळी चहा घेताना त्यांनी हॅम्बर्गचा कागद तिच्यापुढे सरकवला. "यातले फोटो सांग बघू."

"पाणी आहे," ती म्हणाली. "बोटी आहेत. वर आभाळ आहे."

"कसलं आभाळ?"

"आभाळासारखं आभाळ."

सूरवाल्यांनी कप खाली ठेवला. तिच्या आवाजातला उतरलेला सूर त्यांना कळणार नाही तर कुणाला कळणार? "काय झालं?"

तिने कागदाची घडी घालून तो बाजूला ठेवला. मग एकदम म्हणाली, "दमलेय हो मी. तुम्हाला नाही, सांगण्याला. कुठेही गेलं की डोळ्यांनी नीट बघायच्या आधी माझं तोंड सुरू होतं. बर्लिनला गेले तरी चित्रापुढे उभी राहून शब्दच जुळवत बसेन. एकदा तरी गप्प उभं राहून बघावंसं वाटतं." खुर्ची सरकली. "काहीतरीच बोलून गेले. विसरा ते." आणि ती वडिलांकडून आलेल्या चौकटींच्या दुकानात निघून गेली.

सूरवाल्यांना त्या दिवशी नृत्यशाळेतला पियानो लावायचा होता. पोरींनी नाचून नाचून जमीन हादरवलेली, त्यामुळे त्या पियानोच्या तारा महिनाभरही टिकत नसत. ते एकेक खुंटी पिळत होते, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. पंचवीस वर्षांत आपण हजार वेळा 'काय दिसतंय?' विचारलं. 'सांगायचा कंटाळा आला का?' असं एकदाही विचारलं नाही. तिने कधी कुरकुर केली नाही, म्हणून आपण गृहीतच धरलं. लाज वाटली त्यांना. एक तार तीनदा लावली तरी बसेना, तेव्हा त्यांनी पिशवी बंद केली आणि मेहुण्याला फोन लावला.

"बर्लिनच्या हॉटेलचा नंबर दे."

"कशाला? नाश्ता आहे, गरम पाणी आहे, सगळी चौकशी केलीय मी."

"खिडकीबद्दल विचारायचंय."

"दाजी, तुम्हाला खिडकी घेऊन काय..." मेहुण्याने जीभ चावली आणि मुकाट्याने नंबर दिला.

पलीकडून एका वयस्क माणसाचा आवाज आला. सूरवाल्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला सांगितलं, "मला दिसत नाही. तुमच्याकडे यावं की नाही ते ठरवायचंय. जरा खिडकी उघडून फोन बाहेर धरता का?"

"साहेब, बाहेर काही विशेष नाहीये."

"तेच ऐकायचंय मला."

खिडकीची कडी वाजली. मग बर्लिन सूरवाल्यांच्या कानात शिरलं. आधी ट्रामची घंटा, पाठोपाठ वळणावर चाकांची किरकिर. एक सायकल खडीवरून गेली. कुणीतरी गालिचा झटकत होतं. आणि जवळच कुठेतरी कुणी व्हायोलिन घोटत होतं, पुन्हा पुन्हा त्याच जागी घसरत होतं.

"वाजवणाऱ्याचं शेवटचं बोट आखूड पडतंय," सूरवाले म्हणाले.

तो माणूस मोठ्याने हसला. "माझी शेजारीण आहे. आठ वर्षं झाली, तिथेच चुकते!"

मग दोघांच्या गप्पा रंगल्या. संग्रहालयांजवळ नदीकाठी बसायला जागा आहे, समोरून प्रवासी बोटी जातात, पुलावरून आगगाड्या धडधडतात, हवा बरी असली की वाजवणारेही येतात, असं त्याने सांगितलं. शेवटी सूरवाल्यांनी मुद्द्याला हात घातला. "माझ्यासारखा माणूस तिथे दोन-तीन तास एकटा बसू शकेल?"

"मला दिसतं," तो म्हणाला, "आणि सुट्टीच्या दिवशी मी तेवढाच वेळ एकटा बसतो. अजून कुणी उठवलेलं नाही."

सूरवाले तडक बायकोच्या दुकानात गेले. ती काच कापत होती. "बर्लिनला जायचं," ते दारातूनच म्हणाले.

"सकाळचं मनावर घेतलंत ना? मला वाईट वाटू नये म्हणून म्हणताय."

"छे! मी जातीने चौकशी केलीय. ऐक." आणि स्टुलावर बसून त्यांनी तिला बर्लिन सांगितलं. ट्राम, गालिचा, आठ वर्षं चुकणारी शेजारीण, पुलावरच्या गाड्या. काच कापायची थांबली. एखादं ठिकाण त्यांनी सांगावं आणि तिने ऐकावं, असं आजवर कधी झालं नव्हतं.

"तू संग्रहालयात जायचंस, मी नदीकाठी बसायचं," ते म्हणाले. "बाहेर आल्यावर मला काहीही सांगायचं नाही."

"तुम्हाला परक्या शहरात बाकावर ठेवून मी आत जाऊ? माझा जीव था‍ऱ्यावर राहील का?"

"पहिल्या दिवशी अर्धा तास. माझ्याकडे फोन आहे, बोलणारं घड्याळ आहे, तोंड आहे. मी काय कुणी विसरून गेलेली छत्री आहे का?"

ती हसली, मग तिला हुंदका आला, मग पुन्हा हसली. गुरुवारीच मेहुण्याला निरोप गेला.

बर्लिनमध्ये पहिल्या दिवशी ती दहा मिनिटांत धापा टाकत परत आली. "अगं, मी कुठे वाहून गेलो नाही," सूरवाले म्हणाले, "जा परत." दुसऱ्या दिवशी ती पाऊण तास आत राहिली. तिसऱ्या दिवशी दोन तास झाले, अडीच झाले, तरी तिचा पत्ता नाही. घड्याळाचं बटण दाबून दाबून सूरवाल्यांचा अंगठा दुखायला लागला. आता काळजी करायची पाळी त्यांची होती. फोन करावा का? नको; आत ती गप्प उभी असेल, तिथे आपला फोन खणखणायला नको. त्यांनी फोन खिशात खोल ढकलला आणि बोटी मोजत बसले.

सातव्या बोटीनंतर तिची पावलं ऐकू आली. नेहमीपेक्षा सावकाश. ती शेजारी येऊन बसली आणि काही बोलली नाही. सूरवाल्यांच्या जिभेवर प्रश्न आला होता, तो त्यांनी गिळला. हे सोपं नव्हतं. मग हलकेच ते म्हणाले, "आत्ता गेली ती बोट रिकामी होती बहुतेक. माहिती सांगणारा एकटाच बडबडत होता, कुणी हसतसुद्धा नव्हतं."

"चौघे होते," ती म्हणाली. "चौघेही झोपले होते."

संध्याकाळी हॉटेलवर पाय शेकत बसली असताना ती आपणहून एवढंच म्हणाली, "रंग जाड असतो हो. उंचवटे दिसतात त्याचे. मी इतकी वाकून बघत होते की रखवालदार ओरडला."

घरी परतल्यावर तिने एक सवय लावून घेतली. महिन्यातून एका रविवारी दुकानाला कुलूप लावायचं आणि शहरातल्या चित्रदालनात एकटीने जायचं. सूरवालेही मग दुपारभर एकटेच बाहेर पडतात. कधी बसस्थानकावर, कधी मैदानाकडेला. बायकोने सांगणं सोडलेलं नाही. उलट आता तिच्या सांगण्याला पुन्हा धार आलीय, कुणाचं टक्कल कसं चमकतंय ते ऐकून सूरवाल्यांना ठसका लागतो. फक्त अधूनमधून चालता चालता ती थबकते आणि म्हणते, "थांबा, हे माझं आहे." सूरवाले काठी टेकवून उभे राहतात. कितीही वेळ लागला तरी घाई करत नाहीत.