डोळ्यातलं मूळ

मेलेनाइते वन्संचा शब्द आमच्या घरात कुणी मोडत नसे. आम्हा तोंगा बेटांवरच्या लोकांत भावाच्या मुलांवर आईबापाआधी आत्याचा हक्क. माझ्या लेकीचं तोकिलुपे हे नावही त्यांनीच ठेवलं. जेवणावळीत डुकराचा पहिला तुकडा वन्संचा, आणि तो त्या गुपचूप पोरीच्या तोंडात घालायच्या. स्वतःचा मुलगा लहानपणीच गेलेला. उरलेली सगळी माया हिच्यावर.

आठव्या वर्षी पोरीचे डोळे दुखू लागले आणि बघता बघता दिसेनासं झालं. बोटीने मोठ्या बेटावर नेलं. डॉक्टर म्हणाले, "हिचं शरीर स्वतःच्याच नसांवरचं आवरण खातंय. फार थोड्या मुलांना होतं. गोळ्या सोडू नका, आणि पुन्हा डोळा दुखला तर लगेच या."

सलाईनमधून औषध गेलं. इकडे गावी वन्संनी माझ्या सासऱ्यांची कबर उघडली. मेलेल्याच्या हाडात झाडाचं मूळ शिरलं की नात्यातल्या जिवंत माणसाला तिथेच दुखतं, हे आम्ही सगळेच मानतो. सासऱ्यांच्या डोळ्याच्या खोबणीत खरंच मूळ निघालं. त्याच आठवड्यात पोरीला दिसू लागलं. झालं! श्रेय मुळाला.

"मूळ निघालं, आता ते विष कशाला घालतेस तिच्या पोटात?" म्हणत वन्संनी गोळ्या बंद केल्या.

"ताई म्हणतेय ना," एवढंच माझा नवरा लिसिआते बोलला. असा राग आला मला त्याचा!

काही महिन्यांनी डोळे पुन्हा दुखले. "वन्सं, आज बोट आहे, जाऊ द्या मला," मी पाया पडले.

"तुझी बोट काय मूळ उपटणार आहे? गप बस!"

सासूबाईंची कबर उकरली. मूळ नाही. शेवटी वन्संनी स्वतःच्या मुलाची उकरायला लावली. इवलीशी हाडं, स्वच्छ.

"आणखी खोदा रे! असेलच!" त्या ओरडत राहिल्या. माणसांनी फावडी खाली ठेवली. बोट केव्हाच गेली होती.

पुढच्या बोटीने गेलो तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि म्हणाले, "उशीर झाला. आता नजर परत येणार नाही."

आता वन्सं तिचा हात धरून चटई विणायला शिकवतात. त्यांना शिव्या द्यायचंही माझ्यात त्राण नाही. "उजेड दिसतो का गं?" त्या रोज विचारायच्या. "हो आत्या, थोडा थोडा," पोरगी म्हणायची. एकदा विणताना अंधार पडला, दिवा लावायचा राहिला होता. वन्संनी सवयीने विचारलं.

"हो आत्या, आज तर जास्तच दिसतोय."

त्यानंतर वन्संनी कधी विचारलं नाही.