आई पाण्यात उतरली

आईला जहाजावर गाठायचं, ही कल्पना माझ्या धाकट्या भावाची. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून आई तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावी एकटीच राहत होती. मी अमरावतीला शाळेत शिकवते. भावाचं अकोल्याला शेतीच्या पंपांचं दुकान आहे. आईनं आता त्याच्याकडे राहायला यावं, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. पण गावी जाऊन हा विषय काढला की ती उठायची आणि घरामागच्या भाजीच्या वाफ्यांत जाऊन बसायची. कधी वांग्यांना पाणी द्यायचं असायचं, कधी सांभार म्हणजे कोथिंबीर खुडायची असायची. एकदा ती वाफ्यात शिरली की आम्ही तिच्या पाठीशी बोलत राहायचो.

"जहाजावर कुठी जाईन आई?" भाऊ मला फोनवर म्हणाला होता. "तिथं काई वाफे नाईत."

म्हणून मुंबईहून निघून गोव्याला जाऊन परत येणारी तीन रात्रींची क्रूझ ठरली. आई, भाऊ, मी आणि एकोणीस वर्षांची माझी मुलगी, असे चौघं. भावजय दुकान बघायला मागे राहिली. माझे यजमान बडनेऱ्याला रेल्वेत आहेत, त्यांना रजा मिळाली नाही.

पहिले दोन दिवस भावानं विषय काढलाच नाही. आधी म्हणाला गोवा होऊ दे, मग म्हणाला जेवण होऊ दे. आई मात्र जहाजावर चांगलीच रुळली. खोली आवरायला माणूस यायच्या आत ती स्वतःच चादरी झटकून, घड्या घालून ठेवायची. आपलं अंथरूण दुसऱ्यानं काढायचं हे तिला पटत नव्हतं. पहाटे उठून ती वरच्या डेकवर जायची आणि नाश्त्याच्या वेळेला परत यायची. सूर्य बघायला जात असेल, असं आम्ही धरून चाललो.

शेवटचा पूर्ण दिवस समुद्रातच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. नाश्त्याला आम्ही खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. आई संत्रं सोलत होती.

"याले वासच नाई," ती म्हणाली. "नावालेच संत्रं."

भावानं माझ्याकडे बघितलं आणि सुरुवात केली. गावातल्या घराचं छप्पर, तिचा रक्तदाब, रात्री-अपरात्री काही झालं तर कोण, अकोल्यात दवाखाना कसा दहा मिनिटांवर आहे. तो सगळं नीट, पाठ करून आल्यासारखं बोलला. मीही मधूनमधून मान डोलावली. आईनं संत्र्याच्या फोडी चार वाट्यांत सारख्या करून आमच्यापुढे ठेवल्या.

"झालं तुमचं?" तिनं विचारलं.

"झालं," भाऊ म्हणाला.

"बरं." ती उठली, पदर खोचला आणि लिफ्टकडे चालू लागली.

आम्ही चहा संपवला. खोलीत गेली असेल, रागावली असेल, थोडं थांबून जाऊ, असं बोलत बसलो. पण खोलीत ती नव्हती. डेकवर, दुकानांत, जिन्यांत, कुठेच नव्हती. अर्धा तास आम्ही तिघं तीन दिशांना फिरलो. जहाज एवढं मोठं की मी त्याच जिन्यापाशी दोनदा परत आले. कठड्याजवळून जाताना मी खाली समुद्राकडे बघायचं टाळत होते. एवढ्यात मुलीचा फोन आला. "मम्मी, आजी स्विमिंग पूलपाशी आहे. तिला आत जायचंय आणि हे लोक जाऊ देत नाहीयेत."

मी धावत गेले. वरच्या डेकवर तो छोटासा तलाव होता, निळ्या फरशीचा. आई काठावर उभी होती, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली. समोर तलावावर लक्ष ठेवणारी बाई अगदी नम्रपणे हिंदीत सांगत होती, की साडीत उतरता येणार नाही, नियम आहे.

"तो क्या पेहनना पडता, वो बताव ना," आई तिला म्हणत होती.

पाण्यात डोक्याला रबरी टोपी घातलेली एक वयस्कर बाई होती. मला बघून ती काठाशी आली. "तुम्ही यांची मुलगी का?" ती नाशिकची होती, सत्तरी ओलांडलेली. "आमची दोन दिवसांची ओळख आहे हो. रोज पहाटे या इथे पाय सोडून बसतात आणि मला पोहताना बघतात. मी यांना म्हटलं, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर साठाव्या वर्षी शिकले मी. तुम्हीही उतरा. आज म्हणाल्या, आता उतरतेच."

माझा विश्वास बसेना. "आई, अगं तुला तर पाण्याची भीती वाटते."

"कोनं सांगतलं तुले?" आई म्हणाली.

कुणी सांगायची गरजच नव्हती. आमच्या मळ्यात विहीर होती आणि लहानपणी त्या विहिरीच्या दहा पावलांत जायची आम्हाला बंदी होती. आई तुरीची काठी घेऊन उभी राहायची. एकदा सात-आठ वर्षांची असताना मी काठावरून आत डोकावले, तर तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मला आजही आठवतो. मारून झाल्यावर ती स्वतःच थरथरत होती. आईला पाण्याची दहशत आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक असलेलं सत्य होतं.

मुलगी तिचा जास्तीचा पोहायचा पोशाख आणायला खोलीकडे पळाली. तोवर भाऊही धापा टाकत येऊन पोचला. आम्ही तिघं काठावर बसलो, पाय पाण्यात सोडून. आणि तिथं आईनं आम्हाला पहिल्यांदा तिच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगितली.

तिला चार भाऊ. उन्हाळ्यात कंबरेला वाळलेले भोपळे बांधून वडील त्यांना विहिरीत सोडायचे. आई नऊ वर्षांची होती. तिचं काम काठावर बसून चौघांचे कोरडे कपडे सांभाळायचं. "एकदा म्या म्हटलं, मले बी बांधा भोपळा. तं बाबा म्हणे, पोरीले काय करायचं पोहून? मंग कपडेच धरून बसलो." आमच्याकडे बायकाही स्वतःबद्दल 'बसलो', 'गेलो' असंच बोलतात. नाशिकच्या बाईंना ते नवं होतं, त्या कौतुकानं ऐकत होत्या.

"मंग आमाले काहून येऊ देत नव्हती विहिरीपाशी?" भावानं विचारलं.

"मले कुठी पोहता येत होतं?" आई म्हणाली. "तुमचे बाबा बाजारात. मळ्यात मी एकली. तुमी पडले असते तं काढाले कोन उतरलं असतं? मंग काठी घेऊन उभंच राहा लागे."

भावानं पाण्यात पाय हलवले. मग हळूच म्हणाला, "पन मी मामाच्या विहिरीत शिकलो होतो, आई. तुले सांगतलं नाई कधी."

"मले मालूम हाय. मामाच्या घरून आला की केस ओले राहत तुहे. मीनंच सांगतलं होतं मामाले, याले शिकव म्हनून."

भाऊ हसायला लागला. मला हसू आलं नाही. मी दरवर्षी सुट्टीत त्याच्याबरोबर त्याच मामाकडे जायचे.

"आणि मला?" मी विचारलं.

आई पाण्यात पाय हलवत राहिली.

"तुले विहिरीत नाई पाठवलं," ती म्हणाली. "पोरगी मोठी होऊन राहिली, लोकं काय म्हनतीन, असं वाटे. माह्यावाले कपडे धराचे दिवस मी इसरलो नव्हतो, तरी बी नाई पाठवलं. चुकलं माह्यं, बाई."

सेहेचाळीस वर्षांत आईनं मला कधी असं म्हटलं नव्हतं. मला रागही आला आणि रडूही आलं. मी तिचा हात धरला. तो ओला आणि गार होता. तेवढ्यात मुलगी काळा पोशाख घेऊन आली आणि बोलणं तिथंच थांबलं.

कपडे बदलायच्या खोलीत आईला तयार करायला आम्हा दोघींना वीस मिनिटं लागली. पूर्ण बाह्यांचा तंग सदरा आणि पायघोळ विजार. मी तिला जन्मात साडीशिवाय बघितलं नव्हतं. कोपरापर्यंतचे तिचे हात उन्हानं रापून काळे झालेले, आणि वरचे दंड एकदम गोरे, बारीक. तिनं आरशात बघितलं.

"बुजगावणं दिसून राहिलो," ती म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसली.

टॉवेल गुंडाळून ती बाहेर आली, तर भाऊ पाठ फिरवून समुद्र बघत उभा.

"काहून तोंड फिरवून राहिला रे? मायच हाय तुही."

तो वळला. लाजला होता. पण मग स्वतःच पुढे झाला आणि पायऱ्या उतरायला त्यानं तिला हात दिला.

पाणी तिच्या छातीपर्यंत आलं. जहाज कलायचं तसं तलावातलं पाणीही या काठावरून त्या काठावर जायचं आणि आई त्याच्याबरोबर झोके खायची. पहिला घोट तोंडात जाताच ती ओरडली, "खारं हाय वो!" नाशिकच्या बाईंनी तिला उताणं व्हायला सांगितलं. "मान सोडून द्या. डोकं माझ्या हातावर ठेवा. पोट वर."

पहिल्यांदा आईचे पाय लगेच खाली गेले. दुसऱ्यांदा नाकात पाणी गेलं आणि ती खूप खोकली. तिसऱ्यांदा तिनं बाईंचा गळाच धरला. मी काठावरून म्हटलं, "आई, बस झालं आता, ये वर."

"थांब वो!" ती माझ्यावर खेकसली.

चौथ्यांदा बाईंनी तिच्या मानेखाली हात ठेवला, दुसरा पाठीखाली, आणि काहीतरी हळू आवाजात बोलत राहिल्या. आईनं डोळे मिटले. तिचे पाय वर आले. मग बाईंनी पाठीखालचा हात काढला, आणि थोड्या वेळानं मानेखालचाही. पाच-सहा सेकंद असतील, आई पाण्यावर होती. आम्ही तिघंही ओरडलो. शेजारच्या खुर्च्यांवरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. आईला त्यातलं काहीच कळलं नाही, कारण तिचे कान पाण्याखाली होते. तिनं डोळे उघडले होते आणि ती वर आभाळाकडे बघत होती.

उभी राहिल्यावर ती मला म्हणाली, "आत काहीच आयकू येत नाई. इतकं बरं वाटते, काय सांगू."

दुपारी ती भरपूर जेवली. दोनदा भात घेतला. मग खोलीत आम्ही बॅगा भरत असताना तिनं स्वतःच विषय काढला.

"आयक," ती भावाला म्हणाली. "सकाळी तू बोलला ते म्या सगळं आयकलं. घर सोडून अकोल्याले मी येत नाई. पन उन्हाळ्यात अमरावतीले येतो, दोन महिने. तिथं पोहाचं टाकं हाय ना?"

"आहे," मी म्हटलं.

"मंग मले तिथं घाल. आनि तू बी शिकाचं माह्यासंगं. मी एकली शिकनार नाई."

"आनि मंग?" भावानं विचारलं.

"मंग मिरगाच्या आधी गावी. वांगे लावाचे हायेत."

भाऊ पलंगावर बसला. त्याला वाईट वाटलंय हे दिसत होतं. जहाजाचा सगळा बेत त्याचा आणि आई चालली माझ्याकडे. आईनं घडी घातलेला टॉवेल बाजूला ठेवला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. "तुह्यावर नाराज नाई मी. पन मले असं उचलून ठेवू नका रे, बापा. मी येत जाईन, जात जाईन. छप्पर तेवढं पाहून घे." त्यानं मान हलवली. पुढच्याच महिन्यात त्यानं गावच्या घराचं छप्पर बदललं.

एप्रिलमध्ये आई खरंच आली. बडनेऱ्याला उतरली तेव्हा हातात एक पिशवी वांग्यांची आणि एक पिशवी तिच्या पोशाखाची. मुलीनं तो तिला देऊनच टाकला होता. सकाळी बायकांच्या बॅचला आम्ही दोघी जायला लागलो. त्या बॅचमध्ये कॉलेजच्या मुली, दोन नर्सा आणि आम्ही. शिकवणाऱ्या बाईंनी आधी आईकडे काळजीनं बघितलं, पण आठवड्याभरात त्यांनाच कळलं की काळजी माझी करायला हवी. आई श्वास सोडायला लगेच शिकली. मी मात्र काठाचा पाइप सोडायलाच बारा दिवस लावले. ती माझ्या शेजारी उभी राहायची आणि म्हणायची, "मी हाओ ना इथं. सोड." सेहेचाळीस वर्षांच्या बाईला आई पाण्यात धरून उभी आहे, हे बघून त्या कॉलेजच्या मुली हसायच्या. मग त्याही मला "सोडा ना ताई, सोडा" म्हणायला लागल्या, आणि एका सकाळी मी सोडला.

मेच्या शेवटच्या रविवारी भाऊ अकोल्याहून आला. आईनं त्याच्यासमोर टाक्याची रुंदी पार केली, मध्ये एकदाही पाय न टेकता. पलीकडच्या काठाला हात लावून तिनं डोळ्यांवरचं पाणी पुसलं आणि हात वर केला. मी तिच्या मागोमाग निघाले होते, अजून अर्ध्यातच होते, पण बुडत नव्हते.

बाहेर आल्यावर भाऊ तिला म्हणाला, "आता तरी चाल ना अकोल्याले. दोन महिने नाई, एकच महिना."

आई केस पिळत होती. "तिथलं टाकं कसं हाय, ते आधी पाहून ये," ती म्हणाली.

तो खरंच पाहून आला. मंगळवारी दुपारी त्यानं मला टाक्याचे फोटो पाठवले. पाणी स्वच्छ आहे, बायकांची बॅच सकाळी आहे, घरापासून चालत जाता येतं, असं खाली लिहिलं होतं. मी फोन आईकडे दिला. तिनं चष्मा लावला, फोटो मोठा करून बघितला, आणि म्हणाली, "खोल किती हाय, इचार त्याले."