चुलीचा धूर आणि आमची लॅब

“भाऊ, कारभाऱ्याचा कान गेला.”

सरूबाईनं फडक्यात गुंडाळलेली फ्रेम काउंटरवर ठेवली. काउंटरवरचे नाना हसले. मी हसलो नाही. मी डार्करूममधला माणूस. कान कुठं गेला असेल, हे फ्रेम बघायच्या आधीच माझ्या ध्यानात आलं होतं.

सरूबाई टाकवे बुद्रुकची. नवरा पलटणीत भरती झाला तेव्हा निघायच्या आधी दोघं लोणावळ्याला येऊन आमच्याकडं फोटो काढून गेली होती. तो खुर्चीत, मांडीवर मुठी ठेवून, जणू फोटो काढणारा मारायला येतोय. ती शेजारी उभी. आता नवऱ्याच्या डाव्या कानापासून गालापर्यंत फोटो पिवळा पडून विरत चालला होता. बाई स्वतः फोटोत ठणठणीत होती.

“आदी कान गेला, आता गालावर आलंय,” ती म्हणाली. मग काउंटरवर वाकून हळूच विचारलं, “तिकडं त्येंला काय झालं न्हाई ना? लय दिवस कागद न्हाई.”

तिला फोटोचं दुःख नव्हतं. भीती होती. फोटोतला माणूस पुसला जातोय, म्हणजे खरा माणूसही जातोय की काय, ही.

“छे छे! भलतंच काय!” मी म्हणालो. “फोटो लावलाय कुठं?”

“चुलीच्या वरल्या अंगाला. ऱ्हायली हाय का दुसरी भित?”

“मग? धूर लागतो तो. चुलीचा धूर फोटो खातो.”

तिचा चेहरा खुलला. माझी थाप इतक्या आनंदानं आजवर कोणी घेतली नव्हती. “धूरच व्हय! आन् मी रातभर देवाला घोर लावला.” फ्रेम फडक्यात गुंडाळून ती गेली. नाना म्हणाले, “पेंडसे, तुम्ही वकील व्हायला हवं होतंत.”

आता धुराची भानगड सांगतो. धूर नव्हताच, हीच ती भानगड.

फोटो तयार करण्याचं काम तीन टप्प्यांचं. पहिलं औषध डेव्हलपर. कोऱ्या कागदावर चित्र आणतं ते हे. पण ते चित्र उजेडात नेलं की काळं पडणार. म्हणून दुसरं औषध, हायपो. खडीसाखरेसारखे खडे, पाण्यात विरघळवायचे. हायपो चित्र पक्कं करतो. पण हा हायपो म्हणजे लग्नात राबलेल्या पाहुण्यासारखा. काम झाल्यावर त्याला घराबाहेर काढावं लागतं. राहिला तर घरच खायला लागतो. कागदात हायपो उरला की चार-सहा महिन्यांनी, वर्षानं, फोटो पिवळा पडतो आणि उडतो. त्याला बाहेर काढायचं तिसरं औषध म्हणजे पाणी. अर्धा-पाऊण तास वाहतं पाणी. बस्स. यात विद्या काही नाही. धीर लागतो.

हायपो गेला की नाही हे बघायची सोपी परीक्षाही असते. पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात ते लाल औषध. त्याचं गुलाबी पाणी करायचं आणि फोटोवरून निथळलेले थेंब त्यात सोडायचे. गुलाबी रंग टिकला तर फोटो धुतला गेला. रंग उडाला तर परत नळाखाली. मी ही परीक्षा बंद केली होती. रंग उडणार हे मला ठाऊक होतं. ज्याचं उत्तर माहीत आहे ते पुन्हा पुन्हा कशाला विचारायचं?

रंग उडायचा कारण फोटो धुवायला आमच्याकडं पाणीही नव्हतं आणि वेळही नव्हता. आमच्या दारावर पाटी होती: ‘सकाळी द्या, संध्याकाळी न्या.’ मुंबईची मंडळी पॉइंटवर जाऊन एकमेकांचे फोटो काढायची आणि संध्याकाळच्या गाडीआधी ते हातात मागायची. लढाई सुरू झाली, गावात लष्कराची वर्दळ वाढली, नळ दुपारआधीच कोरडा पडायला लागला. पाटी तशीच राहिली. पाटीला पाणी लागत नाही. मग मी वाहत्या पाण्याच्या जागी दोन बादल्या ठेवल्या. एकीत बुचकळायचं, दुसरीत बुचकळायचं, दोरीवर टाकायचं. हायपो मिळेनासा झाला तेव्हा जुनाच पुन्हा पुन्हा वापरला. फोटो ओला असताना चांगला दिसतो, आणि गिऱ्हाईक तेवढंच बघतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हा माझा स्वतंत्र शोध.

मालक बापूसाहेब दादरला राहत. महिन्यातून एकदा येत आणि डिलिव्हरी वेळेवर होते म्हणून माझी पाठ थोपटत. मी ती थोपटून घेत असे.

कंप्लेंटी यायला लागल्या. पहिली आली बंगल्यातल्या एका बाईंची. त्यांच्या रोलची फिल्म त्यांच्याकडंच होती. आम्ही माफी मागून सगळे फोटो नव्यानं करून दिले, आणि ते मी नीट धुतले. मग आजूबाजूच्या गावांतली माणसं यायला लागली. पलटणीत गेलेल्यांचे फोटो, लग्नाचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे. त्यांना मी सांगत असे: धूर. ज्याच्या घरी धूर नसेल त्याला ओल. मावळात ओल नाही असं घर कोण शोधून आणणार? माणसं मान डोलवायची, वर माझ्याचकडं माफी मागायची. सुदुंबऱ्याचे एक आबा तर म्हणाले, “आमी गावंढळ, आमास्नी फोटू सांबाळाया येत न्हाई.” मी त्यांना मोठ्या मनानं क्षमा केली.

पावसाळा सरला आणि सरूबाई पुन्हा आली. या वेळी तिनं फडकं सोडलं तेव्हा नाना हसले नाहीत. नवऱ्याचं तोंड म्हणजे पिवळा डाग. त्यात दोन डोळे, तेही तिला माहीत होते म्हणून दिसत होते.

“भाऊ, चूल भाईर काडली,” ती म्हणाली.

“काय?”

“तुमीच म्हनला व्हता न्हवं, धूर फोटू खातो? चूल पडवीत काडली. सासू लय बोलली. म्हनली, नवऱ्याच्या फोटूपायी समद्यांना भिजीवती. आख्खा पाऊस पडवीत सैपाक केला. वरनं गळतंय, लाकडं पेटंनात, भाकरी कच्ची. घरात धुराची काडी ऱ्हायली न्हाई. तरी बी पुसाय लागलाय.”

मावळातला पाऊस ज्यांनी पाहिला नाही, त्यांना पडवीतली चूल म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. मला कळलं.

“पोरगी पोटात व्हती तवा ह्ये गेले,” ती म्हणाली. “तिनं बाप फोटूतच बगितलाय. रोज म्हनती, बा. आता फोटूकडं बगून म्हनती, बा कुटं? काचंवरनं परत काडून द्या ना दुसरा.”

काच म्हणजे निगेटिव्ह. तेव्हा स्टुडिओतले फोटो काचेच्या प्लेटवर घेत. प्लेट जपून ठेवली की हवे तेवढे फोटो पुन्हा निघतात. आम्ही जपली नव्हती. लढाईत काच मिळेना, तेव्हा बापूसाहेबांनी डोकं लढवलं होतं. जुन्या प्लेटा गरम सोड्यात टाकायच्या, वरचा थर खरवडायचा, की झाली स्वच्छ काच. ती आम्ही फ्रेमना लावत असू. खरवडायचं काम माझं. सरूबाईच्या नवऱ्याचं तोंड मीच सोड्यात घालून काढलं होतं, आणि आता ती काच कोणाच्या घरी कोणाचा फोटो सांभाळत होती, देव जाणे.

एक उपाय होता. उडालेला फोटो डोळ्याला फिका दिसतो, पण साध्या प्लेटला पिवळा रंग काळा दिसतो. म्हणजे त्या पिवळ्या डागाचाच फोटो काढला, तर गेलेलं तोंड बरंच परत येतं. त्यासाठी एक चांगली, ताजी प्लेट हवी. माझ्याकडं एक होती. एकच. बाकीच्यांना बुरशी आलेली.

“ठेवून जा,” मी म्हणालो. “पुढच्या बाजाराला या. करून देतो.”

आणि मी खरंच करून देणार होतो.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेब आले. कंप्लेंटीत परत आलेल्या फोटोंचा गठ्ठा, रिकामं कपाट आणि कोरडा नळ बघून त्यांनी चहा संपायच्या आत लॅब बंद करायचं ठरवलं. “लढाईत माल मिळत नाही, त्याला आपण काय करणार?” ते म्हणाले. मी जोरजोरात मान हलवली. लढाईच्या खात्यावर आणखी एक गोष्ट गेली, तिला काय फरक पडणार होता?

“पेंडसे, प्लेट शिल्लक आहे का एखादी?”

“एक आहे.”

“झकास. आपला ग्रुप होऊन जाऊ दे. दुकानासमोर. पाटी दिसली पाहिजे.”

“साहेब, त्या प्लेटवर एक कॉपी करायची होती. टाकव्याच्या बाईचा फोटो उडालाय. नवरा पलटणीत आहे, दुसरा फोटो नाही.”

बापूसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी फ्रेम हातात घेतली, उजेडात धरली. “अरेरे. कशानं उडाला हा?”

मी चहाचे कप उचलले.

“आपल्याकडून काही राहिलं असेल तर आधी तिचं काम करा. गिऱ्हाईक असं वाऱ्यावर सोडायचं नाही. ग्रुप राहिला तरी चालेल. आपलं काही राहिलंय का?”

सरळ प्रश्न. सरळ माणसानं विचारलेला. नाना माझ्याकडं बघत होते. हो म्हटलं असतं तर गठ्ठ्यातल्या प्रत्येक फोटोचं उत्तर द्यावं लागलं असतं.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “चुलीचा धूर.”

“मग काय, आपला इलाज नाही.” त्यांनी फ्रेम खाली ठेवली आणि टोपी सारखी केली.

ग्रुप छान आला. मध्ये बापूसाहेब, एका बाजूला नाना, एका बाजूला मी. कॅमेऱ्याचं तोंड उघडायला शेजारचा शिंपी बोलावला होता.

बाजाराच्या दिवशी सरूबाई आली तेव्हा दारावर ‘युद्धामुळे मालाच्या अभावी बंद’ असा कागद लागला होता आणि मी सामान बांधत होतो. तिला कागद वाचता येत नव्हता. माझं तोंड वाचता आलं.

“न्हाई जमलं?”

“प्लेटा संपल्या.”

मी फ्रेम दिली. तिनं पदरानं काच पुसली. तोंडाच्या जागेवर पुसताना हात हलका केला.

“धूरच ना, भाऊ?” तिनं विचारलं. “दुसरं काय न्हाई ना?”

ती मागच्यासारखंच विचारत होती. मी खरं सांगितलं असतं, तरी तिची ती भीती तितकीच गेली असती. हे मला नंतर सुचलं. त्या वेळी सवयीनं उत्तर आलं. “धूरच.”

“मंग माजंच चुकलं,” ती म्हणाली. “चूल आदीच काडाया पायजे व्हती.”

आणि गेली.

बापूसाहेबांनी मला सर्टिफिकेट दिलं. त्यात मी प्रामाणिक आणि तत्पर आहे असं आहे. त्यावर मला पुण्यात दुसरी नोकरी लागली. सरूबाईचा नवरा परत आला की नाही, मला माहीत नाही. टाकवे काही लंकेत नाही. पुण्याहून गाडीनं जाऊन, थोडं चालून, संध्याकाळी घरी जेवायला परत येता येतं. मी अजून गेलेलो नाही.

या धंद्यातला धडा एवढाच की फोटो टिकवायचा असेल तर पाण्याची काटकसर करू नये. आमचा तो ग्रुप माझ्या घरात भिंतीवर आहे. स्वयंपाकघरातच आहे, चुलीसमोर, आणि आमच्याकडं धूरही भरपूर होतो. इतकी वर्षं झाली, बापूसाहेबांच्या मिशीचा एक केसही पुसट झालेला नाही. तो मी पहाटे उठून, नळाच्या वाहत्या पाण्यात चांगला तासभर धुतला होता.