आजीच्या वाट्याचा गडू

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही — आईपाशीही नाही. तुम्हांला सांगते आहे, ते मन हलके व्हावे म्हणून नव्हे. ते होणार नाही, हे मला ठाऊक आहे.

माझी आजी नवव्या वर्षी लग्न होऊन पालीहून रत्नागिरीस आली. पाच मुलांतली तीन तिने गमावली, दोन वाढवली, मग आम्हां नातवंडांना वाढवले. मला मुंबईस कॉलेजात पाठवण्याला सारे नातलग विरुद्ध होते. ‘‘शिकू दे तिला. तुमचं काय जातंय?’’ एवढे बोलून तिने त्यांना गप्प केले.

स्वतःसाठी तिने एकच वस्तू राखली होती. आजोबांनी काशीहून गंगेचे दोन गडू आणले होते — तांब्याचे, तोंड डाख देऊन, म्हणजे कथलाने सांधून, बंद केलेले. एक त्यांच्या अखेरीस फोडला. दुसरा तिचा. दर सोमवारी ती तो आमसुलाने घासून लख्ख करी आणि हसून म्हणे, ‘‘ह्यांनी जन्मात माझ्यासाठी म्हणून एवढंच आणलं. प्यायल्याशिवाय जायची नाही हो मी!’’

मी रसायनशास्त्र शिकत होते. गंगेचे पाणी वर्षानुवर्षे नासत का नाही? पृथक्करण करावे, निबंध लिहावा, त्यावर माझे नाव छापून यावे — आणि गडू तर घरातच होता. विचारले असते तर? तिने नाही म्हटले असते. म्हणूनच विचारले नाही. मे महिन्याच्या सुट्टीत, ती कीर्तनाला गेली असताना, मी डाख तापवून उकलला, पाणी बाटलीत काढून घेतले, गडूत आमच्या विहिरीचे पाणी भरले आणि तांबटाकडून तोंड पुन्हा बंद करून आणले. वजन सारखे भरावे, हेही पाहिले. काम नीट करण्याची मला सवयच आहे — नाही का?

प्रयोगातून काहीच निष्पन्न झाले नाही. बाटलीच स्वच्छ नव्हती.

तीन वर्षांनी तार आली. बोटीने घरी पोहोचले तेव्हा आजीचे अखेरचे चालले होते. वडिलांनी गडू फोडला आणि पळी माझ्या हाती दिली. तिने सर्वांना सोडून मलाच विचारले, ‘‘तू शिकलेली आहेस गो, सांग — इतक्या वर्षांत नासलं तर नसेल ना ह्यांनी आणलेलं पाणी?’’

गंगेवर माझी श्रद्धा नव्हती, आजही नाही. पण तिला हवी होती ती गंगा होती का? नवऱ्याने तिची आठवण ठेवून काशीहून सांभाळत आणलेले ते पाणी — ते मी प्रयोगशाळेच्या मोरीत ओतून दिले होते. त्या क्षणी बोलता आले असते. खोली माणसांनी भरलेली होती. मला त्यांची भीती वाटली; तिची नाही.

‘‘नाही आजी, अगदी चांगलं आहे,’’ मी म्हणाले.

तिने दोन घोट घेतले. ‘‘गोड आहे,’’ म्हणाली, आणि आणखी मागितले. मी दिले.