पाठमोऱ्या माणसाचा आवाज

हिरोचा आवाज मला कधी मिळाला नाही. मिळणारही नव्हता. अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत मी इतकी वर्षं सटरफटर माणसांना आवाज देत आलोय. वॉचमन, हवालदार, "साहेब आले" एवढंच म्हणणारा शिपाई. त्याचं आता वाईट वाटत नाही, जे वाटायचं ते केव्हाच वाटून झालं. पण एका ओटीटीवाल्यांनी जुन्या हॉलिवूडचे ब्लॅक अँड व्हाइट सिनेमे घाऊक घेतले, ते मराठीत करायला काढले, आणि त्यात माझ्या वाट्याला जो माणूस आला त्यानं माझी झोप उडवली.

हा एकच माणूस आहे हे आधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एकात टॅक्सी ड्रायव्हर, एकात न्हावी, एकात बँकेतला कारकून. टक्कल, जड पापण्या, आणि आता कोणीतरी ओरडणार आहे अशा धास्तीनं उभं राहणं. आमची डायरेक्टर वयानं माझ्याहून लहान आणि तोंडानं फटकळ. तिनं त्याला ओळखलं. मग दर सिनेमाला म्हणायची, "तुझा माणूस आला रे." मीही त्याला शोधायला लागलो. हिरो-हिरॉइनच्या मागे, दाराशी, दुसऱ्याचा कोट हातात घेऊन तो असायचाच. टायटलमध्ये नाव मात्र बहुतेक वेळा नसायचं.

सिनेमे काही वर्षांच्या क्रमानं येत नव्हते. एका आठवड्यात तो काठी टेकत जिना चढायचा, पुढच्या आठवड्यात डोक्यावर केस आणि हातात ट्रे घेऊन धावत असायचा. अख्खा जन्म माझ्यासमोर असा उलटसुलट पडलेला. हिरो म्हातारे झाले की बापाच्या भूमिकेत गेले, हा आपला दारातच राहिला. मी नेटवर त्याला शोधून काढलं तर कळलं, माझ्या जन्माच्या आधीच तो वारलाय. ते कळलं आणि उगाच शोधलं असं झालं. कारण बूथमधला दिवा मंद केला की पडद्यावर तो नुसतं तोंड उघडायचा, आणि मी बोलेपर्यंत माझ्याकडे बघत थांबलाय असं वाटायचं. मला भीती वाटायची, सरळ सांगतो. पन्नाशी उलटलेला माणूस मी, हेडफोन काढून बाहेर चहाला यायचो.

सुरुवातीला माझा आवाज त्याला बसेचना. "बातम्या वाचतोयस का?" डायरेक्टर म्हणाली. टेकवर टेक, डोक्याला नुसता शॉट. शेवटी वैतागून मी बाबांसारखं बोललो. बाबा मूळचे मालवणकडचे. मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर एका ऑफिसात लिफ्टमन झाले. काही बोलण्याआधी हळूच घसा खाकरायचे, आणि वाक्याचा शेवट खाली सोडून द्यायचे, ऐकलं तर ऐकलं. तेच केलं मी. काचेपलीकडे डायरेक्टरनं मान वर केली आणि अंगठा दाखवला. त्या परक्या तोंडात बाबा चपखल बसले होते.

बाबा लॉकडाऊनमध्ये गेले. दमा जुनाच होता, त्यात ते दुखणं. कांजूरमार्गच्या आमच्या बिल्डिंगखालून त्यांना नेलं ते शेवटचं. नंतर हॉस्पिटलमधून फोन आला. आत कोणाला सोडत नव्हते, तेव्हा कोणाच्याच घरच्यांना सोडत नव्हते. त्या दिवसापासून आई रडली नाही. तिचा एकच धोशा होता, कसे गेले? काही बोलले का? तहान लागली असेल का? मी पहिल्यांदा समजावलं, मग चिडलो, मग गप्प बसायला शिकलो. कोणाला विचारणार? तिथल्या सिस्टरांनाही किती चेहरे आठवणार होते? पण आईला उत्तर हवं होतं आणि ते मिळाल्याशिवाय तिच्या घशातून हुंदका बाहेर पडणार नव्हता.

पहिला सिनेमा आला तेव्हा मी कौतुकानं टीव्हीवर लावला. संध्याकाळी डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास सुटतो म्हणून आई खिडक्या लावत होती. पडद्यावर टॅक्सी ड्रायव्हरनं घसा खाकरला आणि म्हणाला, "कुठं सोडू, बाईसाहेब?" आईचा हात कडीवरच राहिला. ती आली, पदर सारखा केला आणि खुर्चीवर नीट बसली. बाबा घरात असले की ती तशी बसायची. आई खुळी नव्हती. आवाज माझा आहे, त्याचे मला पैसे मिळतात, सगळं ठाऊक होतं तिला. तरी ती त्याचं पुढचं वाक्य यायची वाट बघत होती. त्याला आणखी वाक्यच नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. नवा सिनेमा आला का, ह्यात ते आहेत का. "ते" म्हणायची, मी दुरुस्त करायचो नाही. माझी बायको मात्र वैतागली. मी घरात पाणी मागितलं तरी आधी घसा खाकरायला लागलो होतो. असं करू नका हो, अंगावर काटा येतो, म्हणाली ती. मी मुद्दाम करत नव्हतो. पण ते थांबवताही येईना.

आणि मग तो सिनेमा आला. त्यात तो मोठ्या घरातला म्हातारा नोकर आहे आणि शेवटाकडे मरतो. मी घरी बोलायलाच नको होतं, बायकोला बोललो, आणि दोन खोल्यांच्या घरात काय लपतं? आईनं दुसऱ्या दिवशी विचारलं, कधी आहे ते रेकॉर्डिंग. बस, तेवढंच. ती काय ऐकायला बसणार होती ते मला कळलं होतं.

सीन असा आहे. नोकर भिंतीकडे तोंड करून पडलाय, मालक शेजारी बसलाय, नोकराची बायको खाली स्वयंपाकघरात आहे. तो काहीतरी बोलतो आणि मग नुसता श्वास, लांबत जाणारा. मूळ वाक्य साहेबांच्या बुटांबद्दल होतं. मरतानाही बूट! पण आमच्या धंद्यात माणूस पाठमोरा असला, ओठ दिसत नसले, की वाट्टेल ते बोलता येतं. मी डायरेक्टरला विचारलं, वाक्य बदलू का? तिनं माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाली, बदल, कोण बघतंय.

मी घसा खाकरला आणि बाबांच्या आवाजात म्हणालो, "तिला सांगा, मला काही त्रास झाला नाही. तिची फार आठवण येत होती म्हणावं."

एका टेकमध्ये ओके. पुढचा श्वास मात्र मला जमेना. बाबांची धाप मी लहानपणापासून ऐकलेली, जिन्यावर, मोरीत, अंथरुणात. तरी माझ्या छातीतून निघायचा तो नुसता अभिनय. आणि एकदा सुरू केला तो रडण्यातच गेला. डायरेक्टरनं पाणी पाठवलं आणि सांगितलं, राहू दे, मूळचाच श्वास ठेवू. "श्वास काय तो इंग्रजीत घेतोय का?"

सिनेमा आला त्या संध्याकाळी आईनं खिडक्या लवकर लावल्या. मी तिच्या शेजारी बसलो, बायको दारात उभी होती. नोकर भिंतीकडे वळला. माझं वाक्य झालं आणि आईनं हातानं खूण केली, थांबव. मागे घ्यायला लावलं, पुन्हा ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"ह्या तुझा आसा," ती म्हणाली. "ते माका असा कधी बोलूक नाय."

रागानं नव्हती म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशी म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका वाक्यात मी तिच्याकडून बाबा पुन्हा काढून घेतले होते. मी रिमोट उचलला, पण तिनं माझं मनगट धरलं. पुढं चालू दे म्हणाली.

पुढं श्वास होता. एक, मग बराच वेळ काही नाही, मग एक. आत शिटीसारखा बारीक आवाज. आई पुढं झुकली, थेट टीव्हीजवळ गेली. श्वास संपला, मालकानं चादर वर ओढली, आणि आई खाली जमिनीवर बसली.

"ही धाप तेंचीच," ती म्हणाली. "असेच गेले."

आणि ती रडली. मोठ्यानं, तोंडाला पदरही न लावता, शेजारच्यांनी दार वाजवावं इतकी. बायकोनं माझ्याकडे बघितलं. स्टुडिओत काय झालं ते मी तिला सांगितलेलं होतं. तो श्वास त्या मूळच्या नटाचा आहे हे आम्ही आईला सांगितलं नाही.

आता आई रात्री झोपते. तो धोशाही संपला, जे हवं होतं ते तिला मिळालं. पण तो श्वास घेणारा माणूस कुठल्या देशात, कुठल्या दुखण्यानं गेला, त्याच्या उशाशी कोणी होतं की नाही, मला माहीत नाही. आणि आता माझ्या मागे लागलंय ते हेच. बाबा कसे गेले हे मी डोळे मिटून आठवायला गेलो, की मला भिंतीकडे वळलेला तोच दिसतो.