शेजारच्या टेबलावरचे दात

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत दोन टेबलं होती आणि त्या दोन टेबलांवर मिळून अर्ध्या गल्लीचे दात तयार होत.

खिडकीजवळच्या टेबलावर काका बसत. तीस वर्षं कवळ्याच करत आलेला माणूस. डॉक्टरीणबाई जबड्याचा प्लास्टरचा साचा मधल्या फळीवर ठेवत. जो मोकळा असेल त्याने तो उचलायचा, त्यावर गुलाबी मेण चढवायचं आणि मेणात एकेक दात बसवायचा. काकांचे दात कवायतीला उभे केल्यासारखे, सरळ आणि सारखे. चावा तर असा पक्का, की त्यांची कवळी लावलेले म्हातारे मूठभर शेंगदाणे खाऊन दाखवत.

दाराजवळच्या टेबलावर नवी बसे. तिला येऊन चार वर्षं झाली होती, तरी काकांच्या लेखी ती नवीच. ती दात जरा वेडेवाकडे लावी. एखादा किंचित मागे, एखादा सुळा शेजाऱ्याच्या अंगावर रेललेला. काकांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना हसू आवरेना. मग तीच कवळी लावून एक आजोबा बाहेरच्या खोलीत हसले आणि काकांचं हसू जागच्या जागी विरलं. ते दात आजोबांचे स्वतःचे वाटत होते, लहानपणापासूनचे.

तेव्हापासून काकांच्या पोटात दुखायला लागलं.

माणसाला राग आला तर तो बोलून दाखवतो, दाढ दुखली तर साऱ्या गल्लीला ऐकवतो. हेवा मात्र कुणापाशी बोलायची सोय नाही. शिवाय तो लांबच्या माणसाचा वाटतही नाही. साता समुद्रापलीकडे कुणी कितीही सुंदर दात घडवत असेल, काकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना छळत होतं ते सहा हातांवरचं टेबल.

घरी जेवताना ते रोज नवीच्या कामाला नावं ठेवत. एकदा बायको वैतागली. "अहो, चार वर्षं त्या मुलीचा एकेक दात तोंडपाठ म्हणून दाखवताय मला. आवडतं तुम्हाला तिचं काम. तिला सांगून टाका ना एकदाचं."

"मला? आवडतं?" काका ताटावरून उठले. पण भूक होती, म्हणून पुन्हा बसले.

बायकोचं खरं होतं. हेवा म्हणजे तरी काय, तोंड दाबून धरलेलं कौतुकच. ते तोंडाने निघालं नाही की हातून भलतंच काहीतरी निघतं. काकांचंही तसंच झालं.

फळीवर एका आजींचा साचा आला होता. तो काकांनी उचलला आणि चार दिवस नवी यायच्या आधी, सकाळी लवकर येऊन काम केलं. नवी आपल्या प्रत्येक कामाचा नमुना जपून ठेवत असे. त्यातला एक समोर ठेवून त्यांनी पुढचे दात हुबेहूब तसेच लावले. तोच मागे सरकलेला दात, तोच रेललेला सुळा. मेणातले दात तोंडात लावून बघायच्या दिवशी आजी चष्मा घरी विसरल्या होत्या. त्यांनी आरशात पाहून मान डोलावली आणि कवळी पक्की झाली.

चौथ्या दिवशी आजी ती रुमालात गुंडाळून तरातरा थेट मागच्या खोलीत आल्या. मागोमाग डॉक्टरीणबाई.

"हे दात माझ्या जावेचे आहेत!" बोळक्या तोंडाने आजी कडाडल्या. "जिच्याशी जन्मात पटलं नाही तिचं तोंड लावलंत होय मला? आमचे हे पेपर वाचत होते. मान वर केली आणि म्हणाले, वहिनी, तुम्ही कधी आलात?"

डॉक्टरीणबाईंनी कवळी निरखून पाहिली. "असा सुळा या खोलीत एकच माणूस लावतं," म्हणत त्या नवीकडे वळल्या. "तुझंच ना गं हे? जुनाच नमुना उचलून लावलास?"

नवीने कवळी उलटी करून दाढा पाहिल्या. त्या कुणाच्या हातच्या, हे तिला बघताक्षणी कळलं. तिने एकदा काकांकडे पाहिलं आणि ती काहीच बोलली नाही.

काकांनी नुसतं गप्प बसायचं होतं. चार वर्षं ज्याची वाट पाहिली तो दिवस आपल्या पायांनी चालत आला होता. नवीचं नाव आपोआप खराब होणार होतं. ती तोंडावर म्हणाली असती, "काकांचं काम आहे," तर त्यांनी खुशाल कानावर हात ठेवले असते. पण ती गप्प होती, आणि काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझं काम आहे ते," ते म्हणाले. "तिचं बघून केलं."

"बघून करायला ही काय परीक्षा आहे?" आजी म्हणाल्या.

"जळत होतो तिच्यावर," काका म्हणाले. "तिच्यासारखं जमतं का बघत होतो."

आजी स्टुलावर बसल्या. त्यांचा पारा बराच उतरला होता. "मी तरी कशाला आले इथे? चार वर्षं दातांवाचून काढली. जाऊबाई इथलीच कवळी लावून दहा वर्षांनी लहान दिसायला लागल्या, तेव्हा धावत आले." डॉक्टरीणबाई मास्क नीट करायच्या निमित्ताने हसून घेऊ लागल्या.

नवी हसली नाही. "काका, पहिल्याच महिन्यात मी तुम्हाला विचारलं होतं, दाढा कशा बसवता. माझ्या कवळ्या दिसतात बऱ्या, पण खाताना हलतात. तुम्ही म्हणालात, येतं हळूहळू हाताला. आणि पाठ फिरवलीत." "तुम्ही घरी गेलात की मीही तुमच्या दाढा बघत बसते. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. ते दात जाऊबाईंच्या तरुणपणच्या फोटोवरून लावलेत. वाकडा दात ज्याचा त्यालाच शोभतो."

काकांना ते पाठ फिरवणं आठवत होतं. चांगलं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी आजींनी आपला फोटो आणला. विशीतली मुलगी, तोंड भरून हसणारी, पुढच्या दोन दातांत ठसठशीत फट.

"ही फट नका हं ठेवू. सासरी सगळे चिडवायचे."

"आजोबा पण?" नवीने विचारलं.

"ते नाही. ते तर..." आजी या वयात लाजल्या. "ठेवा मग."

नवीने आपलं स्टूल खिडकीजवळ नेलं. काकांना ती फट तीनदा लावावी लागली. त्यांचा हात सवयीने दात जवळ ढकली आणि नवी सुरीच्या टोकाने ते पुन्हा लांब करी. दाढांची वेळ आली तेव्हा काकांनी सुरी तिच्या हातात दिली. चावा तपासायचा रंगीत कागद दाढांमध्ये कसा धरायचा, डाग उमटेल तिथे किती घासायचं आणि कुठे थांबायचं, सगळं दाखवलं. हातचं काही राखून ठेवलं नाही.

तयार झालेली कवळी लावून आजी आरशासमोर बसल्या. जिभेने फट चाचपली आणि एकदम हसल्या. फोटोतली मुलगी हसली होती तशाच.

"वा! कुणाचं काम हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काकांनीच दात..." नवी सांगू लागली.

"दाढांची रीत माझी," काकांनी तिला अडवलं. "हसू तिचं. माझ्या हातून ती फट बुजलीच असती. फार सुंदर काम करते हो ती."

साधं वाक्य होतं. चार वर्षं घशात अडकलं होतं. बाहेर पडलं तेव्हा काकांना वाटलं, एवढंच होतं होय!

नवी मान खाली घालून उगाच मेण खरवडत राहिली. मग म्हणाली, "काका, एका आजोबांची कवळी परत आलीय. चावताना हलते. उद्या बघाल?"

"आण की," काका म्हणाले, "आणि येताना त्यांचा एखादा जुना फोटो मागून घे. मला बघायचाय."